सिस्टरला विचारा : ‘सी’ची रक्ततपासणी, मायचे पाय आणि फॉईलमधली ट्यूब

(उत्तरं देणाऱ्या सिस्टर सरकारी रुग्णालयातून परिसेविका म्हणून निवृत्त झाल्या असून अंबाजोगाईला राहतात. जागेअभावी पत्रं थोडक्यात दिली आहेत.)

प्रश्न : माय एकाहत्तर वर्षांची, केज तालुक्यात गावी एकटीच असते. मी पुण्यात कंपनीत. दिवाळीला आलो तर तिच्या पोटऱ्यांवर लाल-जांभळे ठिपके आणि एका मांडीवर मोठा काळानिळा डाग. पडले नाही म्हणते. कवळी टोचते म्हणून भाकरी दुधात कुस्करून खाते, बाकी चहा-खारी. लातूरच्या डॉक्टरांनी इतर तपासण्यांबरोबर व्हिटॅमिन सी लिहून दिलं. तालुक्याच्या लॅबवाल्यानं ट्यूब चंदेरी कागदात गुंडाळून बर्फात ठेवली, रिपोर्टला आठवडा लागेल म्हणाला. शेजारी म्हणतात, सी कमी असलं की हिरड्यांतून रक्त येतं. मायच्या तर येत नाही. मग ही तपासणी कशाला? आणि रिपोर्ट येईपर्यंत नुसतं बसून राहायचं का?

उत्तर : दादा, शेजाऱ्यांचं खरं आहे, पण अर्धंच. सी कमी पडलं की हिरड्या सुजतात, जांभळ्या होतात, रक्त येतं, पण ते दातांच्या मुळाशी. जिथं दातच उरले नाहीत तिथली हिरडी तशी फुगत नाही. बोळक्या तोंडात ही खूण शोधत बसाल तर कधीच सापडायची नाही, आणि म्हाताऱ्या माणसांचा हा आजार नेमका म्हणूनच नजरेतून सुटतो.

तेव्हा तोंड सोडा, पाय बघा. सकाळच्या उन्हात मायला ओसरीवर पाय लांब करून बसवा. नातवाचं भिंग असेल तर घ्या. ठिपका केसाच्या मुळाभोवती आहे का? केस सरळ उभा न राहता स्प्रिंगसारखा गुंडाळलेला दिसतो का? बोटानं दाबून बघा. डास चावल्याची लाली दाबली की फिकी होते. कातडीखाली रक्त उतरलेलं असेल तर डाग तसाच राहतो. पोटरी, मांडी हाताला कडक लागते का? जुन्या ऑपरेशनचा व्रण असेल तर तोही बघा, फार कमी पडलं की भरलेला व्रणसुद्धा उकलायला लागतो. शिवाय तिला विचारा, उठबस का टाळतेस. पाय दुखतात, अंगात त्राण नाही, असं म्हणेल. वय झालं म्हणून घरोघरी ते सोडून दिलं जातं.

आता ताट. चहा, खारी, दूध-भाकरी, पिठलं, वरण. यानं पोट भरतं, पण सी जवळजवळ काहीच मिळत नाही. बाईमाणसाला दिवसाला 65 मिलिग्रॅम आणि पुरुषाला 80 मिलिग्रॅम लागतं, असं आपल्या आयसीएमआरनं, म्हणजे देशाच्या वैद्यकीय संशोधन परिषदेनं, 2020 मध्ये ठरवून दिलंय. शरीरात चांगला साठा म्हणजे साधारण दीड ग्रॅम. आपलं शरीर ते स्वतः तयार करत नाही. दारातली शेळी करते, आपण नाही. रोज दहा मिलिग्रॅमच्या आतच पोटात जात राहिलं तर महिना ते तीन महिन्यांत खुणा दिसायला लागतात. गौरी-गणपतीला धडधाकट असलेली माय दिवाळीला अशी का, याचं कोडं त्यातच सुटतं.

चंदेरी कागदाबद्दल. ट्यूबमधलं सी फार नाजूक असतं. उजेड, उष्णता आणि वेळ, तिन्हीनं ते विरतं. म्हणून फॉईल, म्हणून बर्फ. त्या लॅबवाल्या पोराला माझ्याकडून शाबासकी सांगा. फक्त एवढं विचारा, की रक्त लगेच सेंट्रिफ्यूजमध्ये, म्हणजे गरागरा फिरवायच्या यंत्रात, फिरवून प्लाझ्मा, म्हणजे पेशींवरचं पिवळसर पाणी, वेगळा काढला का, आणि तो गोठवून पाठवला का. अख्खं रक्त संध्याकाळच्या गाडीपर्यंत तसंच पडून राहिलं असेल, तर आकडा खरा असतो त्याहून कमी येतो आणि तो मायचा आकडा नसतो, प्रवासाचा असतो.

रिपोर्ट हातात आल्यावर शेजारी छापलेली रेंज आधी वाचा, लॅबगणिक ती बदलते. ढोबळ मानानं 0.2 मिलिग्रॅम प्रति डेसिलिटरच्या खाली म्हणजे सरळसरळ कमतरता, 0.4 च्या वर म्हणजे बरं, मधलं म्हणजे साठा तळाला चाललाय. पण रक्तातला आकडा गेल्या काही दिवसांचं खाणं सांगतो, साठा नीट सांगत नाही. डाग बघून घाबरून तुम्ही तिला तपासणीआधी दोन दिवस मोसंबीचा रस पाजला असेल तर रिपोर्ट बरा येईल आणि पाय तसेच राहतील. उलट, ताप किंवा छातीत संसर्ग असताना चांगल्या खात्यापित्या माणसाचाही आकडा खाली येतो. पांढऱ्या पेशींमधलं सी मोजलं की साठा जास्त खरा कळतो, पण ती तपासणी किचकट, सहसा कुणी करत नाही.

म्हणून थांबायचं कारण नाही. रक्त काढून झालंय, आता डॉक्टरांना आजच फोन करून विचारा, गोळी सुरू करू का. बहुतेक डॉक्टर ‘करा’च म्हणतील. अशा रुग्णांना साधारण 300 ते 1000 मिलिग्रॅम रोज, महिनाभर देतात. मायचा डोस मात्र तेच ठरवतील. खरंच सी कमी असेल तर दोन-चार दिवसांत अंगात तरतरी येते, दोनेक आठवड्यांत डाग ओसरायला लागतात. ही उतरण हीच एक तपासणी समजा. गोळ्या घेऊनही नवे डाग येत राहिले तर कारण दुसरं आहे. प्लेटलेट कमी असणं, रक्त पातळ करायची गोळी चालू असणं, लिव्हर, अशी कितीतरी कारणं असतात. डॉक्टरांनी सोबत सीबीसी, म्हणजे रक्तपेशींची मोजणी, लिहिली असणार, तो रिपोर्ट दुसऱ्याच दिवशी मिळतो, तो आधी दाखवा. आणि नाकातून रक्त थांबेना, शौच डांबरासारखी काळी झाली, किंवा अचानक गुंगी आली तर फोनबिन नाही, सरळ गाडी काढा.

घरात एक गोष्ट आजच बंद करा. पाय दुखतात म्हणून शेजारची कुणी तेल लावून रगडत असेल तर हात जोडून थांबवा. आतल्या नाजूक शिरा फुटून डाग आणखी पसरतो. गरम विटेचा शेकही नको. पायाखाली उशी, अंथरुणाच्या सुरकुत्या काढलेल्या, दर दोन तासांनी कूस बदल, टाचांची कातडी रोज बघायची. रात्री उठताना आधी काठावर बसायचं, मग उभं राहायचं. न्हाणीघरात गोणपाट टाका. आत्ता पडली तर सांध्यात रक्त उतरेल.

खायला : दात नाहीत म्हणून पेरू बंद, असं होऊ देऊ नका. पिकलेला पेरू चिरून बिया काढायच्या, चमच्यानं खरवडून द्यायचा. शंभर ग्रॅम पेरूत दोनशे मिलिग्रॅमच्या वर सी असतं, म्हणजे अर्ध्या पेरूत दिवस भागला. आवळा किसून मीठ लावून. लिंबू वरणावर पिळायचं ते ताटात, चुलीवरच्या भांड्यात नाही. कोथिंबीर वरून, कच्ची. भाजी आधी धुवा, मग चिरा. चिरून पाण्यात ठेवली तर सी मोरीत जातं. आणि कल्हई उडालेल्या पितळी पातेल्यात आंबट-हिरवं काही शिजवू नका. एक तर ते बाधतं, दुसरं म्हणजे तांब्याच्या संगतीनं सी फार लवकर नासतं. मागं ते पातेलं चांगलं दिसतं म्हणून ठेवलेलं असतं प्रत्येक घरात. असू द्या, फळीवर असू द्या.

कवळी बदलून घ्या. सगळं मूळ तिथं आहे.

प्रश्न : मी जीएनएम (नर्सिंगचा कोर्स) झाले, परभणीकडच्या एका खाजगी दवाखान्यात नोकरीला आहे. व्हिटॅमिन सीचं सॅम्पल पाठवलं, ते रिजेक्ट होऊन आलं. मोठ्या लॅबनं नुसतं ‘हिमोलाइज्ड’ लिहिलं. सर माझ्यावर चिडले. आम्हाला हे नीट कुणी शिकवलंच नाही. काय काय सांभाळायचं?

उत्तर : पोरी, ‘हिमोलाइज्ड’ म्हणजे रक्तातल्या लाल पेशी फुटलेल्या. चिडण्याआधी सरांनी लॅबला एक फोन केला असता तर बरं झालं असतं. तो फोन आता तू कर. रुग्णाला सुई लावायच्या आधी विचार, ट्यूब कुठल्या रंगाची हवी. बहुतेक ठिकाणी हेपारिनची हिरव्या टोपणाची चालते, काही लॅब ईडीटीएची जांभळी मागतात (दोन्ही रक्त गोठू न देणारी औषधं). दोन्ही लागणार असतील तर हिरवी आधी, जांभळी नंतर. गाडी किती वाजता निघते तेही विचार. गाडी निघायच्या तासभर आधी रक्त काढायचं, सकाळी सातला काढून दुपारपर्यंत टेबलावर नाही.

रुग्ण रात्रीपासून उपाशी हवा, पाणी चालतं. सीची गोळी, ताकदीची पावडर, आवळ्याचं सरबत आदल्या दिवशीपासून बंद. घेतलं असेल तर फॉर्मवर लिही. तपासणी रद्द करायची की नाही ते डॉक्टर बघतील, पण लपून राहायला नको.

आता रक्त काढणं. ज्याला सी कमी असल्याचा संशय आहे त्याच्या दंडाला पट्टा आवळून तू शीर शोधत बसलीस, तर पट्ट्याखाली लाल ठिपक्यांची रांग उमटते. पट्टा सैल, मिनिटाच्या आत सोडायचा. बीपीचा कफसुद्धा उगाच पुन्हा पुन्हा फुगवू नकोस. मूठ उघड-बंद करायला लावायची नाही. सुई 21 नंबरची, शीर बारीक असेल तर 22. स्पिरिट वाळू दे. पिस्टन हळू ओढ. सिरिंजमधून ट्यूबमध्ये घालताना सुई काढून, काठानं हळू सोडायचं. तुझं सॅम्पल बहुधा इथंच फुटलं असेल, सुईतून जोरानं दाबलं की पेशी फुटतात. फुटलेल्या पेशीतलं लोह सीला अजून लवकर खातं, म्हणून लॅब ते घेत नाही. ट्यूब पाच-सहा वेळा उलटसुलट, हलक्या हातानं. हलवून घुसळायची नाही.

लगेच फॉईल, टोपणापासून बुडापर्यंत. फॉईलवर नाव-वेळ लिहिलेली पट्टी, नाहीतर दोन गुंडाळलेल्या ट्यूबांमधली कुठली कुणाची, यावर लॅबात पंचायत बसते. बर्फ-पाण्यात उभी ठेव, पण अख्खं रक्त फ्रीझरमध्ये मुळीच टाकू नकोस, गोठलं की सगळ्या पेशी फुटल्या. सेंट्रिफ्यूज तुमच्याकडे असेल तर लगेच फिरवून प्लाझ्मा वेगळ्या ट्यूबमध्ये, तीही फॉईलमध्ये, मग ती गोठवायची. काही लॅब त्यात टिकवायचं आम्ल घालायला देतात, दिलं असेल तर त्यांच्या मापानंच. परभणीच्या उन्हाळ्यात पारा 43 ला जातो आणि एसटीच्या डिकीत त्याहून वर. थर्माकोलच्या डब्यात आइसपॅक कोंबून भर. सेंट्रिफ्यूज नसेल तर सरांना स्पष्ट सांग, की रुग्णालाच लॅबकडे पाठवू या.

सुई काढल्यावर कापूस पाच मिनिटं सरळ दाबून धर, हात कोपरात दुमडू नको, चोळू नको. तिथं पुढचे दोन दिवस बघत राहा. अशा रुग्णाला कमरेत इंजेक्शन शक्यतो टाळायचं, लिहिलं असेल तर एकदा विचारून घे, तोंडावाटे चालेल का. चार्टवर ‘जनरल कंडिशन फेअर’ लिहून मोकळी होऊ नकोस. डाग कुठं, किती मोठा, पेनानं कडा आखून तारीख लिही. उद्याच्या ड्यूटीवालीला त्यातून वाढला की घटला ते कळतं. दात असतील तर मऊ ब्रश किंवा बोटाला गॉज गुंडाळून, कोमट मिठाच्या पाण्याच्या चुळा, तिखट-गरम काही दिवस नाही.

आणि काढलेल्या वेळेसमोर खरी वेळ लिहायची, सोयीची नाही. ते एक माझ्या काळातही कुणी शिकवत नव्हतं.

प्रश्न : माझी जालन्याजवळ मोसंबीची बाग आहे. रोज खातो. तरी करोनापासून 500 च्या दोन गोळ्या चालू ठेवल्यात. मुलगा म्हणतो फुल बॉडी पॅकेजमध्ये सी पण तपासून घ्या. घेऊ का? मला शुगर आहे, आणि एकदा मुतखडा झाला होता.

उत्तर : भाऊ, तुमच्या जालन्याच्या मोसंबीला भौगोलिक मानांकन आहे, आणि तुम्ही पाकिटातली गोळी चघळताय!

तपासणीची गरज नाही. शंभर ग्रॅम मोसंबीत चाळीस-पन्नास मिलिग्रॅम सी असतं. दोन फळं खाल्ली की तुमचा दिवस झाला. त्यावर हजार मिलिग्रॅमच्या गोळ्या घेता त्यातलं सगळं आत शिरत नाही, शिरलेलंही बरंचसं लघवीवाटे जातं. जाताना काहीचं ऑक्झलेट, म्हणजे खडा बनवणारा क्षार, होतं, आणि तुमचा खडा त्याच मातीचा असण्याची शक्यता मोठी. 2013 मध्ये स्वीडनमधल्या पुरुषांच्या एका मोठ्या अभ्यासात सीच्या गोळ्या घेणाऱ्यांत मुतखडा साधारण दुप्पट आढळला. ज्याला एकदा होऊन गेलाय त्यानं ही गोळी डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊच नये.

शुगरचं वेगळं. मोठ्या डोसनं, विशेषतः शिरेतून दिलेल्या सीनं, काही ग्लुकोमीटर साखर वाढीव दाखवतात. ती बघून कुणी इन्सुलिन वाढवलं तर साखर खरोखर कोसळते. लघवीच्या पट्टीवर उलटं होतं, साखर किंवा रक्त असूनही ‘नाही’ येतं. शौचेतलं रक्त शोधायची जुनी पट्टीची तपासणी असेल तर तीन दिवस आधी गोळी बंद. कुठल्याही लॅबच्या पोराला आधी सांगायचं, मी सीची गोळी घेतो. कुणी विचारत नाही म्हणून सांगतेय.

मोसंबी खा, पण रस करून नाही, फोडी. रसाच्या पेल्यात चार फळं जातात आणि तुमची साखर वर.

प्रश्न : मी धारूर तालुक्यात आशा आहे. कारखाना बंद झाला की ऊसतोडीच्या बाया गावी येतात. कितीतरी जणींच्या हिरड्यांतून रक्त येतं, एचबी पण कमी. यांची सीची तपासणी करायला सांगू का?

उत्तर : नको, ताई. त्या तपासणीला लागणारा बर्फ, फॉईल, गाडी आणि पैसा, यांतलं काहीही त्यांच्या वाट्याचं नाही, आणि आकडा कळून करणार तेच आहे.

आधी तोंड उघडून बघा. मिश्रीनं काळवंडलेल्या, कीट साचलेल्या दातांतून रक्त येणं हे बहुतेक वेळा हिरडीच्या आजाराचं असतं, सीचं नाही. त्यांना दाताच्या डॉक्टरकडे पाठवा आणि मिश्री सोडवा. सगळ्या एका दिवसात सोडणार नाहीत, तुम्हाला माहीत आहेच. हिरडीबरोबर पायावर ठिपके, सांधेदुखी, न भरणारी जखम असेल तर मात्र प्राथमिक आरोग्य केंद्रात डॉक्टरांना दाखवा आणि गोळी तिथंच सुरू होऊ द्या.

दसऱ्यानंतर गाव सोडलं की पाच-सहा महिने कोपीवर, म्हणजे फडाजवळच्या झोपडीत, भाकरी, ठेचा, डाळ. बाजार आठवड्याला, तोही मिळाला तर. भाजी म्हणजे कांदा-बटाटा. पण फडाच्या बांधावर पाथरी असते, घोळ असतो, तांदुळजा असतो. पाथरी कच्चीच भाकरीसोबत खायची आपल्याकडे रीतच आहे. मटकी ओल्या फडक्यात बांधली की कोपीतसुद्धा मोड येतात, आणि कोरड्या मटकीत नसलेलं सी मोडात तयार होतं. हिरवी मिरची ठेच्यात कच्ची घातली तर तीही कामाची. लोहाच्या गोळ्या तुम्ही वाटताच, त्या चहाबरोबर न घेता लिंबाच्या पाण्याबरोबर घ्यायला सांगा, भाकरी-भाजीतलं लोहसुद्धा लिंबामुळं जास्त अंगी लागतं. गरोदर बाईला 15 मिलिग्रॅम जास्त लागतं, पाजणारीला त्याहूनही जास्त. जायच्या आधी वाळवलेल्या आवळ्याची पिशवी प्रत्येकीच्या गाठोड्यात टाकता आली तर बघा. 1940 च्या आसपास हिसार भागातल्या (आताच्या हरियाणातल्या) दुष्काळात स्कर्व्ही, म्हणजे सी कमी पडून होणारा हाच आजार, झालेल्यांना आवळाच देऊन बरं केल्याची नोंद आहे, तेव्हा हे काही आजीबाईच्या बटव्यातलं नुसतं ऐकीव नाही.

प्रश्न : वडिलांचं नांदेडला आठवड्यातून दोनदा डायलिसिस असतं. सी धुऊन जातं म्हणतात. गोळी आणि मोसंबीचा रस सुरू करू का?

उत्तर : धुऊन जातं हे बरोबर. तपासायचं ठरलं तर रक्त डायलिसिसच्या आधी काढायचं, नंतर काढलेलं कमीच येणार. पण निकामी किडनीत सीचं ऑक्झलेट बाहेर पडत नाही, ते शरीरात साचतं. म्हणून 500 ची गोळी यांच्यासाठी नाही. लागलीच तर शंभराच्या आतबाहेरची, आणि तीही किडनीच्या डॉक्टरांच्या चिठ्ठीवर. रस तर मुळीच मनानं सुरू करू नका. मोसंबी, पेरू, आवळा, सगळ्यांत पोटॅशियम आहे, ते वाढलं तर हृदयाची लय बिघडते, आणि पेलाभर रस त्यांच्या दिवसभराच्या पाण्याच्या मापातून वजा होतो. पुढच्या वेळी मशीनला लावताना तिथल्या सिस्टरकडून पोटॅशियमचा शेवटचा रिपोर्ट मागून घ्या, आणि तो समोर ठेवून कुठलं फळ, किती फोडी, हे आहारतज्ज्ञांकडून लिहूनच आणा.